डिस्कचा आवाज आणि डिस्कचा भरवसा

घरच्या संगणकासाठी हार्ड डिस्क घ्यायची म्हटली, की सल्ला देणारे बहुतेक जण क्षमतेपासून सुरुवात करतात, मग किमतीवर येतात आणि वेळ उरलाच तर वेगाबद्दल बोलतात. आवाजाचा विषय सहसा निघत नाही. मला मात्र तो आधी आठवतो, कारण माझे लिहिण्यावाचण्याचे काम रात्रीचे असते आणि संगणक टेबलाखाली, गुडघ्यापासून हातभर अंतरावर असतो. संगणकातले बाकीचे भाग आता पुष्कळ शांत झाले आहेत. मोठ्या पात्यांचे पंखे सावकाश फिरतात, पॉवर सप्लायचा पंखा भार कमी असला तर फिरतही नाही, आणि त्यामुळे एके काळी या सगळ्या गोंगाटात बुडून जाणारी हार्ड डिस्क आज एकटी ऐकू येते. पंख्याची सळसळ एकसारखी असल्याने कान तिला लवकर विसरतो. डिस्क मध्येच बोलते, मध्येच गप्प होते, आणि म्हणून तिचा आवाज मोजमापाने लहान असूनही जाच मोठा करतो.

‘शांत’ आणि ‘भरवशाची’ ही दोन विशेषणे आपण एका दमात उच्चारतो, जणू काही एक गुण आला की दुसरा त्याच्या मागोमाग यायलाच हवा. या दोन्हींच्या मागे लागून बरीच माहितीपत्रके चाळल्यावर माझे मत असे झाले आहे, की शांतता नीट निवड केली तर विकत मिळते, पण भरवसा कोणत्याही एका डिस्कमध्ये विकत मिळत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळा विचार करावा लागतो, आणि काही ठिकाणी तर एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याला तोशीस पडते.

हार्ड डिस्कचे मुख्य आवाज दोन, आणि त्यांची कारणे अगदी निराळी. पहिला फिरण्याचा, म्हणजे माहिती साठवणाऱ्या गोल चकत्यांच्या फिरण्याचा. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. चकत्यांचा समतोल कितीही काटेकोरपणे साधला तरी किंचित असमतोल उरतोच, आणि त्यातून १२० किंवा ९० हर्ट्‌झची खालच्या पट्टीतली घरघर निर्माण होते. तिच्या जोडीला चकत्यांबरोबर घुसळल्या जाणाऱ्या हवेचा बारीक सुस्कारा असतो. दुसरा आवाज शोधण्याचा. माहिती लिहिणारे-वाचणारे टोक, म्हणजे हेड, धरून ठेवणारा हात चुंबक आणि वेटोळ्याच्या जोरावर काही मिलिसेकंदांत चकतीच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर झेपावतो आणि तिथे गच्च थांबतो. या निघण्याच्या आणि थांबण्याच्या झटक्याची प्रतिक्रिया डिस्कच्या सगळ्या सांगाड्याला बसते, आणि आपल्याला ती कटकट म्हणून ऐकू येते. पूर्वी यात तिसऱ्या आवाजाची भर होती. चकत्यांची मोटर बॉल बेअरिंगवर फिरत असे, आणि बेअरिंग झिजू लागली की डिस्क वयाबरोबर किरकिरी होत जाई. सीगेटने २००१ साली बाराकुडा एटीए ४ ही घरगुती मालिका द्रव बेअरिंगवर आणली. त्यात धातू धातूला टेकत नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि तोच धक्के गिळतो. पुढच्या काही वर्षांत सगळ्याच उत्पादकांनी हा मार्ग धरला. आजच्या कोणत्याही डिस्कच्या शांततेचा मोठा वाटा या एका बदलाचा आहे, आणि त्यासाठी ग्राहकाला काही निवडावे लागत नाही.

(आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरत, आणि साठवण ४ मेगाबाइटहूनही कमी होती. ते यंत्र सुमारे एक टन वजनाचे होते, त्यामुळे कोणाच्या टेबलाखाली ते ठेवण्याचा प्रश्न आला नाही.)

या दोन आवाजांपैकी फिरण्याच्या आवाजाशी माझे खरे भांडण डिस्कशी नसून कॅबिनेटशी असते. डिस्क हातात धरून चालवली तर ती जवळजवळ मुकी वाटते. तीच चार स्क्रूंनी पातळ पत्र्याच्या खणात आवळली की सगळे कॅबिनेट गुणगुणू लागते. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर कितीशी ऐकू येईल? आवाज भोपळ्याचा असतो, तार फक्त त्याला हलवते. दोन डिस्क शेजारी बसवल्या तर हीच गोष्ट आणखी स्पष्ट होते. दोघींच्या फेऱ्यांत अगदी किंचित फरक असतो, आणि किंचित बेसूर लावलेल्या जोडीच्या तारांप्रमाणे त्यांच्या घरघरीतून चढणारी-उतरणारी आंदोलने निघतात, जी एका डिस्कच्या आवाजापेक्षा कितीतरी अधिक खुपतात. म्हणून नवी डिस्क घेण्याआधी आहे ती डिस्क रबरी वॉशरवर बसवून पाहावी असे मी सांगेन. बऱ्याच कॅबिनेटमध्ये असे वॉशर दिलेले असतात, पण ते गच्च आवळले की त्यांचा उपयोग संपतो. स्क्रू टेकेपर्यंतच फिरवायचा असतो.

याहून पुढे जाऊन काही हौशी मंडळी डिस्क जाड इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगतात किंवा कॅबिनेटच्या तळाशी फोमच्या तुकड्यावर ठेवतात. कानाला हा उपाय फारच सुखावतो. मात्र त्यात दोन गोष्टी विसरता येत नाहीत. धातूच्या खणातून निघून जाणारी उष्णता आता अडते, त्यामुळे डिस्कवरून हवेचा हलका झोत जायला हवा. दुसरे म्हणजे सैल टांगलेली डिस्क हेडच्या प्रत्येक झेपेला स्वतःही थोडी हलते, आणि हेडला चकतीवरच्या माहितीच्या नेमक्या पट्ट्यावर स्थिरावायला थोडा अधिक वेळ लागतो. घरगुती वापरात हा फरक जाणवण्याइतका असतो असे मला वाटत नाही, तरीही टांगण्यापेक्षा मऊ आधारावर ठेवणे मला अधिक पटते.

आता माहितीपत्रकातल्या आकड्यांकडे. आवाजाचा आकडा काही कंपन्या बेलमध्ये देतात, काही डेसिबलमध्ये. १ बेल म्हणजे १० डेसिबल, त्यामुळे २.४ आणि २४ हे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगत असू शकतात. पण बेलमधला आकडा यंत्रातून सर्व दिशांना बाहेर पडणाऱ्या ध्वनिशक्तीचा असतो, तर आपल्या कानापाशी पोहोचणारा दाब अंतरावर आणि खोलीवर अवलंबून असतो, म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवताना जरा सबुरी हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकडे दोन असतात: नुसती फिरत असतानाचा आणि शोधत असतानाचा. जाहिरातीत पहिलाच झळकतो. मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्क हे याचे उत्तम उदाहरण. हेलियमची घनता हवेच्या साधारण एकसप्तमांश, त्यामुळे आत घुसळण कमी, घर्षण कमी आणि चकत्या अधिक पातळ व अधिक संख्येने बसवता येतात. एचजीएसटीने २०१३ मध्ये अशी पहिली डिस्क आणली, तेव्हा तिच्यात ७ चकत्या आणि ६ टेराबाइट होते. नुसत्या फिरताना अशा डिस्क विलक्षण शांत असतात. पण डेटा सेंटरसाठी बनवलेल्या अशा एका मालिकेच्या पत्रकात फिरतानाचा आकडा २.० बेल आणि कामातला ३.६ बेल असा दिलेला आढळतो. दोहोंत १६ डेसिबलचे अंतर आहे, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुपटीसारखी वाटते, हे लक्षात घेतले म्हणजे एकच आकडा वाचून डिस्क घेणाऱ्याची रात्री काय गत होईल याचा अंदाज येतो. यातल्या काही डिस्क तर कोणी काही मागितले नाही तरी दर काही सेकंदांनी एक ‘टक’ करतात. झीज एकाच जागी होऊ नये म्हणून हेड आपणहून हलवण्याची ती सोय आहे. डेटा सेंटरमध्ये तिचे कोणाला काही वाटत नाही, निजायच्या खोलीत मात्र ती पाण्याच्या गळक्या नळाइतकीच असह्य होते.

पूर्वी शोधण्याचा आवाज कमी करण्याचे एक साधन ग्राहकाच्या हाती होते. संगणक आणि डिस्क यांच्या संवादासाठीच्या एटीए प्रमाणकातील एका सोयीमुळे डिस्कला १२८ ते २५४ यांमधला आकडा देता येई. १२८ म्हणजे सर्वांत शांत, २५४ म्हणजे सर्वांत चपळ. हेडची झेप थोडी सौम्य होई, शोधायला थोडा अधिक वेळ लागे, आणि खोलीत शांतता नांदे. ही सोय पुढे प्रमाणकातून निवृत्त झाली आणि नव्या डिस्कमध्ये ती मिळत नाही. मला हे गेल्याचे वाईट वाटते, कारण वेग आणि शांतता यांचा सौदा कोणत्या भावाने करायचा हे ठरवण्याचा अधिकार त्या एका आकड्यात वापरणाऱ्याकडे होता.

उरली ती फेऱ्यांची निवड. ५४०० आणि ७२०० यांमध्ये घरासाठी मी डोळे मिटून ५४०० घेतो. हवा तो डेटा चकती फिरून हेडखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. तो ७२०० ला ४.१७ मिलिसेकंद, तर ५४०० ला ५.५६ मिलिसेकंद. छायाचित्रे, चित्रफिती आणि बॅकअप यांसाठी या सुमारे १.४ मिलिसेकंदाचे काही मोल नाही, आणि ज्या कामात ते आहे तिथे आज एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची साठवण, असायला हवी. परंतु इथेही वेष्टनावरचा आकडा पुरत नाही. २०२० साली काही चौकस वापरकर्त्यांच्या असे ध्यानात आले, की वेस्टर्न डिजिटलच्या ज्या डिस्कच्या पत्रकात ‘५४०० आरपीएम श्रेणी’ असे लिहिले होते, त्यांतल्या काही मोठ्या क्षमतेच्या डिस्क प्रत्यक्षात ७२०० फेऱ्यांनी फिरत होत्या. हे उघड झाले ते त्यांच्या आवाजावरून: माइक जवळ धरून ध्वनिमुद्रण केले, त्यातल्या वारंवारिता तपासल्या, तर शिखर ९० हर्ट्‌झला नव्हते, १२० ला होते. कंपनीचे म्हणणे असे होते, की ‘श्रेणी’ हा शब्द कामगिरीची पातळी सांगतो, प्रत्यक्ष फेरे नव्हे. मला या प्रकरणात संतापापेक्षा गंमत अधिक वाटते, कारण जी गोष्ट पत्रकाने झाकली ती एका साध्या माइकने सांगून टाकली. तेव्हापासून ‘श्रेणी’ असे लिहिलेले दिसले, की त्या डिस्कचा वीजवापर आणि आवाज यांचे आकडे मी दोनदा वाचतो.

त्याच वर्षी दुसराही वाद झाला, आणि त्याचाही आवाजाशी संबंध आहे. एसएमआर पद्धतीच्या डिस्कमध्ये लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर थोडे सरकवलेले असतात. त्याच चकतीवर अधिक माहिती मावते, पण मधला एक पट्टा बदलायचा तर त्याच्यावर चढलेले शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. ही फेरमांडणी डिस्क स्वतःच्या सवडीने करते, आणि तिची सवड म्हणजे आपण काम थांबवल्यानंतरची वेळ. म्हणजे आपण फाइल उतरवून उठलो, खोली शांत झाली, की डिस्क पुटपुटायला लागते. २०२० मध्ये असे निष्पन्न झाले, की नॅससाठी (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये ही पद्धत ग्राहकांना न सांगता वापरली गेली होती. अनेक डिस्कचा गट पुन्हा उभारताना अशी डिस्क फार संथ होते, म्हणून ओरड मोठी झाली. पुढे कंपनीने याद्या जाहीर केल्या आणि पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या जुन्या सीएमआर पद्धतीच्या डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या. घरी एकदा भरून ठेवायच्या आणि क्वचितच बदलायच्या संग्रहाला एसएमआर चालते. रोज लिहायचे असेल, तर पत्रकात सीएमआर हा शब्द शोधून काढूनच पैसे द्यावेत.

इथवर शांततेचे झाले. भरवशाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्याचा आकडा दिसतो भारदस्त आणि सांगतो फार थोडे. माहितीपत्रकात बिघाडांमधला सरासरी काळ १० लाख तास असा दिलेला असतो. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे. कोणतीही डिस्क तेवढी टिकत नाही आणि कंपनीचाही तसा दावा नसतो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांपैकी सुमारे नऊ बिघडतील अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा कितपत खरी ठरते? २००७ साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठ्या संगणक केंद्रांतील सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. पत्रकांतल्या आकड्यांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बदलल्या गेलेल्या डिस्कचे प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के होते आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. बदललेली प्रत्येक डिस्क खरोखर बिघडलेलीच असते असे नाही, हे मान्य करूनही अंतर उरतेच.

त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातला एक निष्कर्ष मला नेहमी आठवतो. डिस्क आपल्या तब्येतीची जी नोंद स्वतः ठेवते, ज्याला ‘स्मार्ट’ म्हणतात, तिच्यातल्या काही खुणा बोलक्या असतात. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट आढळली. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी अशी एकही खूण दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्टने धोक्याची सूचना दिली तर ती मानावी, आणि सूचना नाही म्हणून निश्चिंत मात्र होऊ नये. उष्णतेबद्दलही त्या अभ्यासाने रूढ समजुतीला धक्का दिला: नेहमीच्या मर्यादेत तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा खूपच क्षीण निघाला. शांततेसाठी पंखा थोडा सावकाश चालवणाऱ्याला हा दिलासाच आहे.

कंपनीच्या नावावर जाण्याची सवयही मी सोडली आहे. हार्ड डिस्क ज्या आयबीएमने जन्माला घातली, तिच्याच २००० साली आलेल्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी या डिस्क इतक्या बिघडल्या, की लोकांनी त्या मालिकेचे नाव ‘डेथस्टार’ ठेवले आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे आयबीएमचा डिस्कचा व्यवसाय हिताचीकडे आणि २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला. मॅक्सटॉर आणि सॅमसंगचा डिस्क विभाग सीगेटकडे, फुजित्सूचा तोशिबाकडे. आज हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत, आणि तिन्हींच्या चांगल्या व सुमार मालिका आहेत. बॅकब्लेझ ही साठवणसेवा २०१३ पासूनच्या आपल्या डिस्कच्या बिघाडांची आकडेवारी मॉडेलनिहाय जाहीर करते. तीत एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमधला फरक पुष्कळदा दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. ती आकडेवारी मी आवडीने वाचतो, पण तिच्यातल्या डिस्क थंड खोलीत अहोरात्र फिरतात, आणि एखाद्या मॉडेलचा इतिहास साचेपर्यंत ते बाजारातून जाण्याच्या बेतात असते.

शांततेसाठी केलेले काही उपाय भरवशाच्या मुळावर कसे येतात, याचे उदाहरण म्हणजे हेड मागे घेणे. वीज आणि आवाज वाचवण्यासाठी काही ‘हरित’ डिस्क ८ सेकंद काम नसले की हेड उतारावर नेऊन ठेवत. त्यात काही ऑपरेटिंग प्रणालींना दर थोड्या सेकंदांनी एखादी नोंद लिहायची सवय, म्हणजे हेड पुन्हा चकतीवर. दर २० सेकंदांना असे एकदा घडले तर दिवसाला ४३२० खेपा होतात, आणि ३ लाख खेपांसाठी बनवलेली डिस्क ७० दिवसांत आपली मर्यादा गाठते. मर्यादा गाठली म्हणजे ती लगेच मरते असे नाही, पण स्मार्टमधला या खेपा मोजणारा १९३ क्रमांकाचा आकडा अधूनमधून पाहावा आणि तो धावत असेल तर ही सोय बंद करावी किंवा तिचा अवधी वाढवावा.

आवाज डिस्कमधून येतो तसा डिस्कपर्यंत जातोही, ही बाजू घरगुती वापरात जवळजवळ निरुपयोगी असली तरी मला सांगितल्यावाचून राहवत नाही. २००८ साली ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या कप्प्यासमोर तोंड नेऊन जोरात आरोळी ठोकली आणि डिस्कच्या प्रतिसादाला लागणारा वेळ आलेखावर उसळलेला दाखवला. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्याने जुनी हकिकत सांगितली: एका गाजलेल्या पॉप गाण्यातील काही स्वर ५४०० फेऱ्यांच्या लॅपटॉप डिस्कच्या नैसर्गिक कंपनांशी जुळत आणि लॅपटॉप कोलमडत, इतकेच नव्हे तर शेजारी ठेवलेला दुसराही. उत्पादकाने अखेर ते स्वर गाळणारी चाळणी ध्वनिप्रणालीत बसवली. चकतीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगणारे हेड कशाकशाला दचकते हे पाहिले, की डिस्क चालते याचेच नवल वाटते. स्पीकरचा खर्ज आणि डिस्क एकाच फळीवर ठेवू नयेत, एवढा बोध मात्र व्यवहारात उपयोगी आहे.

मग सगळेच एसएसडीवर का ठेवू नये? आवाजाचा प्रश्न त्याने मुळापासून मिटतो, आणि प्रणाली व चालू कामाच्या फाइली यांसाठी मी दुसरा विचारच करत नाही. अनेक टेराबाइटच्या संग्रहाला मात्र ती अजून महाग पडते. शिवाय एसएसडी जाते तेव्हा पुष्कळदा एका क्षणात आणि निःशब्दपणे जाते. हार्ड डिस्क पुष्कळदा आधी कुरकुरते. ठरावीक लयीत वारंवार येणारी ‘टक-टक’ ऐकू आली, की हेडला आपली जागा सापडत नाही असे समजावे आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळून वीज तोडावी.

घरासाठी निवड करताना म्हणून मी असे पाहतो: प्रत्यक्ष ५४०० फेरे, सीएमआर, शोधतानाचा आवाज फिरतानाच्या आवाजापेक्षा फार चढा नसलेला, त्या क्षमतेत शक्य तितक्या कमी चकत्या, आणि निदान ३ वर्षांची वॉरंटी. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, माहिती मिळत नाही, हे धरून चालायचे. आणलेल्या डिस्कवर काही ठेवण्याआधी ती एकदा पूर्ण लिहून काढावी आणि स्मार्टची दीर्घ चाचणी चालवावी. ८ टेराबाइटच्या डिस्कला यातल्या प्रत्येक खेपेला अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. शेवटी स्मार्टमधल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या, खराब जागा मोजणाऱ्या नोंदी शून्य असल्या तर ठेवावी. नसल्या तर परत करण्याची मुदत आहे तोवर परत करावी. या चाचणीतच तिचा आवाजही पुरेपूर ऐकून होतो.

भरवसा उभा राहतो तो दुसऱ्या डिस्कवर. ती पहिलीपेक्षा वेगळ्या मॉडेलची आणि वेगळ्या वेळी घेतलेली असावी, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोघींत येणार नाही. ती संगणकात बसवू नये. बॅकअपपुरती जोडावी आणि काढून दुसरीकडे ठेवावी, कारण चुकून पुसलेली फाइल, विजेचा झटका किंवा खंडणीखोर व्हायरस यांपुढे एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क एकच असतात. अशी डिस्क वर्षातले फार थोडे तास फिरते आणि तेही मी खोलीबाहेर असताना, त्यामुळे ती निवडताना आवाजाचा रकाना मी वाचतच नाही आणि वाचलेले पैसे अधिक क्षमतेत घालतो.